मिशी उगवेपर्यंत

मी एका म्हाताऱ्या माणसाची मिशी काढून टाकली. सगळी.

मला सांगितलं होतं नुसती कातरायला. दुधाची साय आणि पेजेचे कण तिच्यात अडकून वाळायचे, म्हणून सिस्टर म्हणाल्या होत्या की ओठावर उतरणारे केस तेवढे काप. मी डावीकडचे कापले, तर उजवी बाजू जड दिसायला लागली. उजवी कापली तर डावी जड. असं करत करत मिशी दोन्हीकडून आत सरकली आणि नाकाखाली टूथब्रशएवढी होऊन थांबली. तशी ती ठेवणं म्हणजे पुरावा ठेवण्यासारखं होतं. मग मी फेस लावला आणि प्रकरण मिटवलं. मिटवलं असं तेव्हा वाटलं.

नर्सिंग असिस्टंटच्या सहा महिन्यांच्या कोर्सचा तो पाचवा महिना. वय एकोणतीस. त्याआधी मोबाइलच्या दुकानात होतो, कुरिअरमध्ये होतो, एका लग्नाच्या हॉलमध्ये खुर्च्या मोजायला होतो. तिन्हीकडून मला काढलं गेलं. आमचा क्लास घाटकोपरला, फरसाणच्या दुकानावर. दाढी करायला तिथे फुग्यावर शिकवतात. फुग्याला फेस लावायचा आणि तो न फोडता रेझरने फेस उतरवायचा. माझे तीन फुटले. चौथा वाचला म्हणून मॅडमनी 'पास' लिहिलं. फुग्याला मिशी नसते, हा मुद्दा कोर्समध्ये नव्हता.

प्रत्यक्ष कामाच्या शिक्षणाला मला मुलुंडचं एक केअर होम मिळालं. एका सोसायटीच्या तळमजल्यावरचे चार फ्लॅट भिंती फोडून जोडलेले. बावीस कॉट. पुढचं गेट सोसायटीच्या मुलांचं खेळायचं, त्यामुळे ॲम्ब्युलन्स मागच्या गेटने येणार, आणि गेलेलं माणूसही मागच्याच गेटने जाणार, असं सोसायटीने लेखी घेतलं होतं. सहा आठवडे तिथे काढायचे, मग मुख्य सिस्टर माझ्या लॉगबुकवर सही करणार, मग सर्टिफिकेट. सिस्टर साताऱ्याकडच्या. कमी बोलायच्या आणि जे बोलायच्या ते ऐकून आपण कमी बोलायला लागायचो.

तर मिशी. आजोबा मालवणकडचे, गोदीत क्रेन चालवून रिटायर झालेले, चौऱ्याऐंशीचे. विस्मरणाचा आजार. सकाळी दिलेला चहा दहा वाजता आठवायचा नाही. मी काम संपवून त्यांच्या तोंडासमोर आरसा धरला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सलूनमध्ये धरतात म्हणून मी धरला.

त्यांनी आरशात पाहिलं. मग हात वर नेला आणि दोन बोटं वरच्या ओठावरून फिरवली, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "कोण वारलो?"

इथे माझ्या घरचं थोडं सांगायला हवं. आम्ही बौद्ध. आमच्याकडे माणूस गेलं की पांढरे कपडे, वंदना, मेणबत्ती. डोकं-मिशी उतरवणं, पिंड, कावळा हे सगळं माझ्या पणजोबांनी एका दिवसात सोडलं आणि घरात त्याचं नावही राहिलं नाही. त्यामुळे माझ्या लेखी मिशी म्हणजे केस. मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "कोणी नाही आजोबा, मस्त दिसताय."

ते बोटांवर मोजायला लागले. "बापाशीच्या वेळेक काढलंय. आवशीच्या वेळेक काढलंय." दोन बोटं मिटली. "आता म्होठो कोण उरलो? दादा." तिसरं बोट त्यांनी धरून ठेवलं. "दादा गेलो?"

ज्या माणसाला सकाळचा चहा आठवत नव्हता, त्याने हे अर्ध्या मिनिटात काढलं. मिशी उतरते ती आपल्याहून मोठं माणूस गेल्यावर. मोठे तिघेच. दोन आधी गेले. राहिला थोरला भाऊ.

मला वाटलं, यात काय, विचारून टाकू. उशीखाली त्यांची छोटी डायरी असायची, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'दादा' आणि नंबर. मी म्हटलं, थांबा, आत्ता बोलायला देतो. आणि स्वतःच्या मोबाइलवरून गावाला फोन लावला.

फोन भावाच्या सुनेने उचलला. मी मुलुंडहून बोलतोय, दादांना द्या म्हटलं. पलीकडे दार ओढून घेतल्याचं ऐकू आलं. मग ती दबक्या आवाजात म्हणाली की तुम्हाला तिथे कोणी सांगितलं नाही का, ते जाऊन पंचवीस दिवस झाले. आणि त्यांना कळू द्यायचं नाही असं ठरलंय.

आजोबा माझं तोंड वाचत होते. मी फोन ठेवला.

"काय म्हणता?"

"झोपलेत."

"ह्या वेळेक? दादा दिवसाचो निजणा नाय."

"म्हणजे उठले. उठून शेतात गेले."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "चार वर्सां त्येका चलूक जमणा नाय," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

सिस्टरनी फाइल माझ्यासमोर उघडून धरली. पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहिलं होतं: 'थोरल्या भावाबद्दल विचारल्यास, गावाला आहेत, बरे आहेत, असे सांगणे.' मी त्या फाइलचं दुसरं पान वाचलं होतं, जेवणाचं. का लपवायचं तेही त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी आजोबांची बायको गेली. मुलीने सांगितलं, ते कोसळले, दुसऱ्या दिवशी विसरले आणि 'तुझी आवस खय?' म्हणून विचारलं. तिने परत सांगितलं. परत कोसळले. असं चार वेळा झालं. बाई चार वेळा मेली आणि हे चार वेळा पहिल्यांदाच विधुर झाले. तेव्हा ठरलं की पुढचं कोणतंही मरण यांच्यापर्यंत आणायचं नाही.

"आणि तू ते त्यांच्या तोंडावर लिहून ठेवलंस," सिस्टर म्हणाल्या.

मिशी उगवेपर्यंत सकाळची ड्यूटी त्या कॉटवर मीच करायची, असा निकाल लागला. सही त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी आजोबा कालचं सगळं विसरून उठले. मला हायसं वाटतंय तोवर त्यांनी तोंड पुसायला हात वर नेला. बोटं ओठावर थांबली. कोण वारलो. एक बोट, दोन बोटं, तिसरं बोट. मी लाल पेनाचं वाक्य म्हटलं: गावाला आहेत, बरे आहेत. ते म्हणाले, मग ही कोणाची काढली? त्या वाक्यात याला उत्तर नव्हतं. मग मी खरं सांगितलं, की आजोबा, मी काढली, चुकून, मी शिकाऊ आहे. आयुष्यात इतका प्रामाणिक मी क्वचित झालो असेन. त्यांनी मान हलवली.

"मिशी कोण चुकान काढता?"

खरा त्रास नंतर सुरू झाला. मी लंगोट बदलायला पांघरूण काढलं तर त्यांनी हात पुढे करून मला थांबवलं. "माका शिवू नको. सुतक आसा. तुका लागात."

माझ्या पणजोबांना 'शिवू नको' म्हणणारे गावभर होते. आजीने त्या गोष्टी सांगून सांगून आम्हाला मोठं केलं. माझ्या वाट्याला ते शब्द आले ते मुलुंडमध्ये, ओला लंगोट हातात घेऊन उभा असताना, आणि तेही उलटे: हा माणूस स्वतःला विटाळलेला समजून मला वाचवत होता. मी हसावं की रागवावं ते न कळून म्हटलं, आजोबा, आम्हाला सुतक लागत नाही. ते म्हणाले, सुतक सगळ्यांना लागतं.

त्या दिवशी सिस्टर आणि मी दोघांनी मिळून, दोन बाजूंनी धरून, बदललं. ते ओरडले नाहीत. आम्हाला हात जोडत राहिले, मुलं मार खाताना जोडतात तसे, आणि म्हणत राहिले की तुमच्या घरात लहान पोरं असतील. काम झाल्यावर सिस्टर हात धुवायला गेल्या त्या बराच वेळ नळाशी होत्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, हे मी दुसऱ्यांदा करणार नाही.

पण म्हणजे काय करायचं? ते अंग पुसू देईनात, कुशीवर वळवू देईनात. तिसऱ्या दिवशी, ते झोपेत असताना मी चादर उचलली, तर माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. बोट दाबलं की चांगल्या कातडीचा रंग जातो आणि परत येतो. हा जाईना. कोर्समध्ये एवढं मी नीट शिकलो होतो. दोन दिवसांत तिथली कातडी उघडते, आणि या वयात उघडलेली पाठ परत मिटत नाही. कोपऱ्यातल्या कॉटवरच्या आजी माझ्या पहिल्याच आठवड्यात तशाच मागच्या गेटने गेल्या होत्या. त्यांच्या कॉटजवळचा वास मी आल्यापासून नाकात घेऊन फिरत होतो.

सिस्टरनी मुलीला बोलावलं. ताई बँकेतून तशाच आल्या, गळ्यात ओळखपत्र. मी माफी मागायला तोंड उघडलं, त्यांनी हाताने गप्प केलं. वडिलांचा कोरा ओठ त्या बघत राहिल्या. आजोबांनी त्यांनाही लांबच बसायला सांगितलं.

उपाय सिस्टरनीच काढला. त्या म्हणाल्या, सुतक आहे असं ते धरून बसलेत. खोटं सांगून ते जात नाही. सुतक जातं ते बाराव्याला, आंघोळीने. मग त्यांना सांगा की भाऊ गेले आणि आज बारावा आहे. आंघोळ घालू, मग हात लावू देतील.

ताईंनी गळ्यातलं ओळखपत्र काढून पर्समध्ये टाकलं. मग म्हणाल्या की आईच्या वेळी चार वेळा सांगितलं, पाचव्यांदा तोंडातून निघणार नाही. "ज्याने काढली तो सांगेल," असं म्हणून त्या पॅसेजमध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

मी स्टूल ओढून बसलो. मनात वाक्यं जुळवली होती, ती सगळी पळाली. मी म्हटलं, "आजोबा, दादा गेले."

ते कोसळतील म्हणून मी एक हात तयार ठेवला होता. ते फक्त मोठा श्वास घेऊन बसले, जड पिशवी खाली ठेवल्यावर घेतात तसा. "माका ठावक आसा," ते म्हणाले. "आज कितवो?"

"बारावा."

"मगे पाणी ठेव."

तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला हात लावू दिला. चाकाच्या खुर्चीत बसवून मोरीत नेलं, टॉवेल गुंडाळला. पहिला तांब्या डोक्यावर घेताना त्यांनी डोळे मिटून विचारलं, पिंडाला कावळा शिवला का. आता, मला कावळ्याचं एवढंच ऐकून माहीत होतं की तो शिवला तर चांगलं. मी म्हटलं, "लगेच शिवला, आजोबा. ठेवल्या ठेवल्या."

त्यांचा चेहरा पडला. पाणी गालावरून ओघळत होतं आणि ते मोरीच्या दाराकडे बघत होते.

"लगेच? माझी वाट बघूक नाय?"

कावळा लगेच शिवतो तो माणसाची काही इच्छा मागे उरली नसेल तर, हे मला रात्री आईने सांगितलं. सोडलेल्या गोष्टीही तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणजे मी त्यांना सांगितलं होतं की तुमचा दादा तुमची आठवण न काढता गेला. त्या दिवशी पाठीला मलम लागलं, कुशीवर वळवता आलं, सगळं झालं. पण ते जेवले नाहीत.

दुसऱ्या सकाळी सगळं पहिल्यापासून. बोटं ओठावर, कोण वारलो, एक, दोन, तीन. मी म्हटलं, दादा गेले, आज बारावा. पाणी ठेव. कावळा शिवला? यावेळी मी तयारीने आलो होतो. म्हटलं, शिवेना आजोबा. ताटकळले सगळे. शेवटी पुतण्या म्हणाला की काकांकडे आम्ही बघू, त्यांना काही कमी पडू देणार नाही, तेव्हा कुठे शिवला.

ते रडले. बऱ्यापैकी मोठ्याने रडले, आणि मधेच हसल्यासारखा आवाज काढून म्हणाले, "तसोच तो. लहान आसल्यापासून माझी काळजी." त्या दिवशी पेज पूर्ण प्याले.

यानंतर जवळजवळ तीन आठवडे मी रोज सकाळी साडेसातला एका माणसाचा बारावा घातला. ज्या माणसाला मी पाहिलं नव्हतं, ज्या विधीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. रोज सांगायचं, रोज ते रडणार, रोज सुतक फिटणार, मग मलम, मग नवीन चादर. कथा माझ्या हातात वाढत गेली. कावळा कधी पाऊण तास थांबायचा, कधी माडावर बसून मान फिरवायचा. एकदा मी कावळ्याला दोनदा येऊन परत जायला लावलं, तेव्हा आजोबाच म्हणाले, पुरे, सांग शिवलो म्हणून. माझ्या डोक्यात हळूहळू असं यायला लागलं होतं की मी हे छान करतो. सिस्टर दारातून ऐकत असतील तर त्यांनाही पटत असेल.

एका रविवारी दारात ताई होत्या. मी पाण्याची बादली घेऊन बाहेर आलो तेव्हा त्यांनी विचारलं, कावळ्याचं हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी म्हटलं, कोणी नाही, मीच रचलं. त्या म्हणाल्या, काकांचा पिंड खरंच शिवला नव्हता. दोन तास सगळे थांबले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि घरी आले.

मी बादली खाली ठेवली.

त्या सांगत राहिल्या, माझ्याकडे न बघता. शेवटचे आठ दिवस काका रोज म्हणत होते, धाकट्याला फोन लावून द्या, एकदा आवाज ऐकू दे. काकांचा मुलगा त्यांना विचारत होता. त्या नको म्हणाल्या. काकांचा तो खोल गेलेला आवाज ऐकून बाबा घाबरतील, मग रात्रभर विचारत बसतील, इथल्यांना त्रास होईल. "मला वाटलं बाबांना वाचवतेय," त्या म्हणाल्या. आत आजोबा अंग पुसून घेऊन, कोऱ्या चादरीवर, नुकतंच सुतक फिटलेले, शांत पडून होते. त्या आत गेल्या नाहीत. मागच्या गेटने निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी काहीच सुधारणा न करता, नेहमीचीच कथा सांगितली. फक्त या वेळी ती सांगताना माझा आवाज नीट येईना. आजोबा मोरीत मलाच म्हणाले, रडू नको, माणसां जातत.

मिशी आधी पांढऱ्या खुंटांसारखी आली, मग मऊ झाली. मी रोज बघायचो. डाग फिका होत गेला आणि गेला. सिस्टरनी दाबून बघितलं आणि काही बोलल्या नाहीत, म्हणजे ठीक होतं. सहाव्या आठवड्यात एका सकाळी आजोबांनी तोंडावरून हात फिरवला, बोटांना केस लागले, आणि हात खाली आला. कोणी वारलं नाही. "च्या खय?" असं विचारलं. मी चहा दिला. मग तो पिता पिता ते म्हणाले, दादाचा बरेच दिवस फोन नाही.

मी लाल पेनाचं वाक्य म्हटलं. गावाला आहेत, बरे आहेत. त्यांनी मान हलवली आणि पटलं. इतकं सहज पटलं की मला एक क्षण वाटलं, रेझर कुठे आहे.

शनिवारी माझा शेवटचा दिवस. सिस्टरनी सही केली, शेऱ्याची जागा कोरी ठेवली. मी जायच्या आधी आजोबांच्या कॉटपाशी गेलो. सांगितलं की माझं शिक्षण संपलं, मी चाललो, उद्यापासून दुसरं कोणीतरी येईल. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ओळख लागेना. मला उगाच वाटलं की थोडी तरी लागावी. एवढे बारावे घातले होते. म्हणून मी म्हटलं, आजोबा, रोज सकाळी तुम्हाला आंघोळ घालायचा ना, तोच मी.

ते थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. मग चेहऱ्यावर काहीतरी आलं.

"तूच काय तो?" ते म्हणाले. "पाणी थंड आसता तुझा."